हजाराचा हिशेब आणि आयदानाची वीण

सात रस्त्याजवळच्या माझ्या खोलीत आज पुस्तकांचे गठ्ठे आहेत. लहानपण मात्र सोलापूरच्या पूर्वभागात, आईच्या विड्यांच्या सुपाशेजारी गेलं. आई रडत नसे असं नाही. पण रडताना मोजणी चुके, आणि मजुरी तर हजार विड्यांवर ठरलेली. त्या हिशेबात दुःखाला रकाना नव्हता.

पुढे वाचनालयात बसून, चाचपडत मी अभ्यास सुरू केला. विडी कामगार बायकांवर लिहू लागले, तेव्हा माझ्याही टिपणांत पानं किती, विड्या किती, पैसे किती, एवढंच असे. ही चूक मला उर्मिला पवार यांच्या 'आयदान'ने (२००३) दाखवली.

स्त्रियांची आत्मकथनं वाचण्याच्या आपल्याला दोन सवयी आहेत. एक, 'काळीज हलवणारं' म्हणून पुस्तक मिटायचं. दुसरी, त्यातून स्वावलंबनाची यशकथा काढायची. 'आयदान' या दोन्ही सवयींना पुरून उरतं. सुरुवातीलाच डोंगरवाटेने ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बाया भेटतात. पती गेल्यावर लेखिकेची आई बांबूची आयदानं विणून मुलांना वाढवते. तिची वीण आणि आपलं लेखन यांचं नातं लेखिका वेदनेच्या धाग्याने जोडते. इथे दुःख आणि कमाई एकाच हातात आहेत. आईचं दुःख वाचताना टोपलीची किंमत विसरता येत नाही, आणि किंमत मोजताना आई विसरता येत नाही.

सोलापूरकराला इथे आणखी एक पुस्तक आठवायला हवं. कुंभारीला महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत आहे. २००६ साली तिचं लोकार्पण झालं. तिला नाव आहे गोदूताई परुळेकरांचं. त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांची वेठबिगारी आहे, लग्नगडी आहेत, आणि मुख्य म्हणजे भीती आहे. ती भीती उघड बोलली गेली, ऐकून घेणारं कुणी भेटलं, तेव्हा वेठ नाकारण्याचं बळ आलं, असं मी ते पुस्तक वाचते. त्याची मर्यादाही सांगायला हवी: तिथली वारली बाई लेखिकेमार्फत बोलते. 'आयदान'मधली बाई स्वतः बोलते, आणि घरातल्या माणसांबद्दलही बोलते. मधल्या तीसेक वर्षांत मराठी गद्याने कमावलं ते हे.

आज 'मन मोकळं करा' आणि 'सक्षम व्हा' हे दोन्ही उपदेश बायकांना एकाच व्यासपीठावरून मिळतात. मला त्यात एक धोका दिसतो. मन मोकळं केल्यावर मजुरीचा प्रश्न तसाच राहिला, तर ते रडणंही एक बिनपगारी कामच ठरतं. विडीचंच पाहा. तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार २००३ मध्ये झाला, भारताने तो २००४ मध्ये स्वीकारला. आरोग्यासाठी तो योग्यच आहे. तंबाखूची धूळ आधी विडी वळणाऱ्या बाईच्याच छातीत जाते. तंबाखूवर पोट असणाऱ्यांना पर्यायी रोजगार मिळावा, असं कलमही त्यात आहे. पण पर्याय ठरवताना 'किती कमावतेस?' याच्या जोडीला 'कशाची भीती वाटते?' हेही विचारायला हवं. साठीला आलेल्या, बोटांना एकच काम ठाऊक असलेल्या बाईची भीती हीसुद्धा अर्थशास्त्राची माहिती आहे.

समीक्षकाचं कामही मला याहून फार निराळं वाटत नाही. आत्मकथन वाचताना त्यातल्या आसवांशेजारी मजुरी शोधावी, आणि मजुरीशेजारी आसवं. माझ्या जुन्या टिपणवह्यांत मी आता समासात लिहू लागले आहे: त्या दिवशी आईची मोजणी कुठे चुकली, आणि का.