‘शिकाऊ उमेदवार’ : एका संज्ञेची चिकित्सा

१९६१ च्या ‘अ‍ॅप्रेंटिसेस अ‍ॅक्ट’ला मराठीत ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम’ असे नाव आहे. ही संज्ञा रूढ झाली असली तरी तिची चिकित्सा अवश्य आहे. ‘उमेदवार’ हा शब्द फारसी ‘उमेद’, म्हणजे आशा, यावरून आला. नोकरीच्या आशेने कचेरीत विनावेतन राबणे, ही जुनी उमेदवारी होय. अधिनियमाने ही आशा मात्र अधांतरी ठेवली. कलम १८ नुसार असा तरुण प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. करारात तशी अट नसल्यास त्यास पुढे नोकरी देण्याचे बंधन मूळच्या कलम २२ ने मालकावर घातले नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीने मालकाने याविषयी स्वतःचे धोरण आखावे, एवढेच सांगितले.

‘विद्यावेतन’ या संज्ञेतही हेच द्वैत आहे. तत्पुरुषात उत्तरपद प्रधान. येथे मात्र ते वेतन कामगाराचे वेतन नव्हे.

मग सदोष काय, संज्ञा की कायदा? ‘प्रशिक्षणार्थी’ हा शब्द कायद्याशी अधिक प्रामाणिक ठरेल. परंतु शिक्षण संपले आणि काम लागले नाही, या मधल्या अवस्थेतील तरुणाची अपेक्षा ‘उमेदवार’ हाच शब्द व्यक्त करतो. म्हणून दुरुस्ती हवी ती संज्ञेत नव्हे, कलमात.