बी. रघुनाथांना मातीतून सोडवा

बी. रघुनाथांवर अलीकडे जे लिहिलं जातं त्यात एक विशेषण हमखास भेटतं: 'मराठवाड्याच्या मातीतला कथाकार'. गौरवानं मारलेला हा शिक्का मला मान्य नाही. हैदराबादेत बसून 'साकी', 'फकिराची कांबळी', 'छागल' हे कथासंग्रह पुन्हा वाचले आणि तो साफ चुकीचा वाटला. या कथांमध्ये माती फार थोडी आहे. निजामी अमलातलं लहान शहर, पांढरपेशांची ओढगस्त आणि संसाराच्या चौकटीत न मावणारी स्त्री-पुरुषांची ओढ हा त्यांचा ऐवज आहे.

1913 साली सातोन्यात जन्मलेला, हैदराबादेत शिकलेला, परभणीत सरकारी बांधकाम खात्यात कारकुनी करता करता 1953 साली कचेरीतच कोसळलेला हा लेखक. त्याचा प्रदेश म्हणजे निजामाचं अख्खं हैदराबाद राज्य होतं. घरात मराठी, कचेरीत, अदालतीत आणि 1918 पासून उस्मानिया विद्यापीठातही उर्दू. त्या राजवटीत कर्तृत्वाला वाव नव्हता. मग माणसाची सगळी ताकद इच्छा करण्यात खर्च होई. रघुनाथांच्या कथेतलं प्रेम इतकं आसुसलेलं आणि इतकं निष्फळ का, याचं उत्तर मला इथे सापडतं. टीकाकार त्याला स्वप्नाळूपणा म्हणून मोकळे होतात. मला त्यात राजवटीनं आतून पोखरलेली माणसं दिसतात. घोषणा न देता गुलामी दाखवणारी अशी कथा त्या काळच्या मराठीत दुर्मीळ आहे.

रघुनाथांच्या कथेची खरी भावंडं हैदराबादच्या उर्दूत आहेत. वाजिदा तबस्सुम जन्मानं अमरावतीची, वाढली हैदराबादेत. तिच्या 'उतरन'मधली चमकी मालकिणीचे जुने कपडे घालून मोठी होते आणि मालकिणीच्या लग्नाच्या आदल्या रात्री नवऱ्या मुलालाच उष्टं करून ठेवते. जिलानी बानोच्या कथा-कादंबऱ्यांत ड्योढ्या, म्हणजे नवाबी वाडे, ढासळतात. या दोघी माडीवरून आणि मागच्या दारानं जे दाखवतात, तेच रघुनाथ परभणीच्या पगारदाराच्या घरातून दाखवतात. सत्ता तीच आहे, घुसमटही तीच.

मातीची कथा हवी असेल तर रा. रं. बोराडे यांची 'पेरणी' आहे, भास्कर चंदनशिवांचा 'लाल चिखल' आहे, दोन्ही अव्वल. आधुनिकतेचा विषय निघाला की नवकथा पुढे केली जाते; तिच्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. एवढंच विचारतो, की 'साकी' 1940 सालचा असताना आधुनिक मराठी कथेचा इतिहास गंगाधर गाडगीळ-अरविंद गोखल्यांपासूनच का मोजायचा? मुंबई-पुण्याच्या मासिकांतून जे गेलं नाही, ते घडलंच नाही काय?

'उर्दू वळणाची भाषा आड येते' ही तक्रार तर मला संतापजनक वाटते. कोल्हापूरची बोली समजून घ्यायला आपण कौतुकानं थांबतो आणि कचेरीतला मराठी माणूस कचेरीच्या भाषेत बोलला की तो परका होतो! ती भाषा रघुनाथांची उसनवारी नव्हती. त्यांच्या माणसांचं जगणं तिच्यातच चाले.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची तीन वाटण्यांत फाळणी झाली. जिल्हे वाटले गेले ते समजण्यासारखं आहे. साहित्याचं वाचनही आपण त्याच रेषेवर कापलं. मराठवाड्याला रघुनाथ मिळाले, त्यांचं शहर तुटलं. ज्या हैदराबादेनं 1931 साली केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरवलं, तिथल्या मराठी वाचकालाही रघुनाथ आता पाहुणे वाटतात. स्मृतिदिनाची व्याख्यानं पुरे झाली. त्यांच्या निवडक कथा जिलानी बानो आणि वाजिदा तबस्सुम यांच्या मराठी अनुवादांसोबत एकाच पुस्तकात छापा, आणि ते पुस्तक औरंगाबादेत अन् उस्मानियात दोन्हीकडे शिकवा. 'मराठवाड्याचा कथाकार' म्हणणाऱ्यांनी ते वाचून मग आपलं विशेषण टिकतं का ते सांगावं.