‘समाजस्वास्थ्य’कारांचे शास्त्रनिवेदन : संबोधनाची नीती

१

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांच्याविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचा भर बहुतांशी त्यांच्या चरित्रावर आहे. य. दि. फडके यांनी लिहिलेले चरित्र, अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ (२००१) हा चित्रपट आणि २०१७ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक या सर्वांतून एका एकाकी, हट्टी आणि निर्भय सुधारकाची प्रतिमा उभी राहते. ही प्रतिमा खोटी नाही. तथापि तिच्या तेजामुळे एक गोष्ट झाकोळून गेली आहे. कर्वे हे सर्वप्रथम लेखक होते. शरीरशास्त्र व जीवशास्त्र यांतील निष्कर्ष सामान्य मराठी वाचकास समजावून सांगणे आणि त्या ज्ञानाच्या प्रकाशात आचरणाचे प्रश्न उकलणे हे काम त्यांनी सव्वीस वर्षे एका मासिकाच्या पानांतून केले. ते काम त्यांच्या गद्याने कसे पार पाडले, हा प्रश्न अभ्यासकांनी फारसा विचारलेला नाही.

जीवशास्त्राचे लोकांसाठी निवेदन करणाऱ्यावर दुहेरी जबाबदारी असते. देहात काय घडते हे त्याने सांगावयाचे असते. आणि त्या देहाने जगणाऱ्या माणसाने काय करावे, या प्रश्नालाही त्याला सामोरे जावे लागते. पहिला प्रश्न वस्तुस्थितीचा, दुसरा नीतीचा. या दुसऱ्या प्रश्नाच्या अभ्यासाला ‘जैवनीती’ ही संज्ञा विद्यापीठीय व्यवहारात १९७० नंतर रूढ झाली. परंतु संज्ञा नव्हती म्हणून प्रश्न नव्हता असे नाही. कर्व्यांच्या लेखनात तो पदोपदी उभा आहे. त्यांनी तो कोणत्या मताने सोडविला यापेक्षा कोणाला उद्देशून सोडविला, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, वैद्य नव्हते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते अध्यापन करीत असत. संततिनियमनाच्या उघड प्रचारामुळे त्यांना ती प्राध्यापकी सोडावी लागली. १९२१ मध्ये पत्नी मालतीबाईंच्या साहाय्याने त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र त्याच वर्षी निघाले, हे ध्यानात घेतले म्हणजे या उपक्रमाचे धाडस लक्षात येते. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक प्रसिद्ध झाला आणि कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, पदरमोड करून त्यांनी ते चालविले.

वैद्यकीची पदवी नसणे हा या लेखकाचा उणेपणा होता, तसेच ते त्याचे सामर्थ्यही ठरले. वैद्य आपल्या अधिकारावर बोलू शकतो. ‘डॉक्टरांनी सांगितले’ एवढे म्हटल्याने सामान्य माणसाचे समाधान होते. कर्व्यांना हा आधार उपलब्ध नव्हता. त्यामुळे प्रत्येक विधानामागील कारण सांगणे त्यांना भाग पडले. त्यांच्या गद्याला गणिताच्या सिद्धतेची जी घडण आहे, तिचा उगम येथे शोधावा लागतो. गृहीत मांडावे, त्यावरून निष्कर्ष काढावा, विरुद्ध पक्षाचे गृहीत तपासावे आणि ते टिकत नसल्यास तसे स्पष्ट सांगून पुढे जावे, अशी त्यांच्या लेखाची चाल असते. या चालीत अलंकाराला जागा नाही. वाचकाला भारावून टाकण्याचा प्रयत्नही नाही. वाचकाला तर्क समजतो एवढा विश्वास मात्र तीत आहे.

भाषेच्या दृष्टीने त्यांच्यापुढील अडचण मोठी होती. कामविषयक व्यवहाराला मराठीत त्या काळी दोनच बोली उपलब्ध होत्या असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. एक वैद्यक व कामशास्त्र यांच्या संस्कृत ग्रंथांतून आलेली. ती प्रतिष्ठित, परंतु गूढतेने वेढलेली होती. दुसरी शिवीगाळीची, ती सर्वांना कळत असे, परंतु छापता येत नसे. कर्व्यांनी संस्कृत शब्द घेतले, पण त्यांच्याभोवतीचे गूढतेचे वलय घेतले नाही. हात, पाय, यकृत यांचा उल्लेख ज्या स्वरात करावा, त्याच स्वरात त्यांनी जननेंद्रियांचा उल्लेख केला. मराठी शास्त्रीय गद्याच्या इतिहासात या स्वराचे मोल मोठे आहे. कारण भीती ही पुष्कळदा अर्थातून येत नाही, उच्चाराच्या पद्धतीतून येते. स्वर सरळ झाला की अर्धी भीती आपोआप ओसरते.

३

तथापि कर्व्यांचे शास्त्रनिवेदन खऱ्या अर्थाने फुलले ते त्यांच्या स्वतंत्र लेखांपेक्षा वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत. येथे लेखनाचा आरंभ लेखक करीत नाही. कोणी एक अनोळखी माणूस आपली शंका लिहून पाठवितो. ती शंका पुष्कळदा दुःखाची असते. त्या काळी ब्रह्मचर्याचा उपदेश करणारी पुस्तके घरोघर वाचली जात. वीर्यनाशाने शरीर झिजते, बुद्धी मंदावते, आयुष्य घटते, ही समजूत शास्त्रवचन म्हणून तरुणांच्या मनावर बिंबविली जात असे. या समजुतीचा बळी झालेला तरुण पत्र लिहून विचारी की आपले आता काय होणार. ‘काही होणार नाही’ हे या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर होते, आणि तेच त्याचे नैतिक उत्तरही होते. वस्तुस्थितीचे कथन आणि दुःखाचे निवारण ही दोन कार्ये येथे एकाच वाक्याने साधतात.

याच सदराने कर्व्यांवर खटला ओढवला. १९३१ मध्ये व्यभिचारविषयक लेखाबद्दल त्यांना एकदा शिक्षा झालीच होती. १९३४ मध्ये हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा विषयांवरील वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा आरोप ठेवण्यात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. मासिकाचा विषयच कामविषयक आरोग्य असेल आणि वाचक त्याविषयी प्रश्न विचारीत असतील, तर संपादकाने उत्तर का देऊ नये, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय सांगितला जातो. न्यायालयाने तो मान्य केला नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने या युक्तिवादाकडे कायद्याच्या अंगाने न पाहता रचनेच्या अंगाने पाहावे. कोणत्याही उत्तराचा अर्थ त्याच्या प्रश्नापासून अलग करता येत नाही. तेच वाक्य व्याख्यानमंचावरून न विचारता ऐकविले तर ते उद्धटपणाचे वाटू शकते. ज्याने विचारले त्याला सांगितले तर ते साहाय्य ठरते. प्रश्नोत्तराच्या रचनेत लेखकावर आपोआप एक मर्यादा येते. जेवढे विचारले तेवढ्यालाच उत्तर द्यावे लागते, आणि ज्याचा देह, निर्णयही त्याचाच, हे गृहीत धरावे लागते. ही मर्यादा म्हणजेच जैवनीतीतील व्यक्तिस्वातंत्र्याचे तत्त्व होय. कर्व्यांनी ते सिद्धांतरूपाने मांडले त्याआधी त्यांच्या सदराच्या रचनेने ते पाळले होते.

४

या रचनेबाहेर पडल्यावर मात्र कर्व्यांचे गद्य नेहमीच तितके सावध राहत नाही. स्वतंत्र लेखांत त्यांच्या एका आवडत्या युक्तिवादाचा आकार पुढीलप्रमाणे असतो : कामसंबंधांवरील निर्बंधांना दोन कारणे दिली जातात, नको असलेली गर्भधारणा आणि रोग, दोहोंचा प्रतिबंध आता शास्त्राने शक्य केला आहे, सबब परस्परसंमतीने होणाऱ्या संबंधांना आक्षेप घेण्यास कारण उरत नाही. यातील मधले विधान वस्तुस्थितीचे आहे. शेवटचे नीतीचे आहे. दोहोंना जोडणारे विधान, म्हणजे गर्भ आणि रोग यांपलीकडे या व्यवहारात दुसरे कोणतेही नुकसान संभवत नाही हे, जीवशास्त्र सिद्ध करू शकत नाही. ते स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. संमती देणारी स्त्री नकार देण्यासही मोकळी आहे काय, तिच्या पोटापाण्याची सोय काय, हे प्रश्न तेथे उभे राहतात. स्त्रियांच्या स्वातंत्र्याविषयी कर्व्यांची आस्था निर्विवाद आहे. पण सिद्धतेच्या ओघात ही पायरी ते झपाट्याने ओलांडतात, आणि गणिती रचनेमुळे ती ओलांडली गेल्याचे वाचकाच्या ध्यानात येत नाही.

दुसरी मर्यादा वाचकवर्गाची. १९३१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानातील स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते. संततिनियमनाची गरज जिला सर्वाधिक, तिच्यापर्यंत छापील मासिक पोहोचणे दुरापास्त होते. म्हणून पत्र लिहिणारा ‘तू’ बहुधा पुरुष असणार, हे कर्व्यांच्या लेखनाचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही. शकुंतला परांजपे यांनी पुण्यात संततिनियमनाच्या कार्याला वाहून घेतले. लेखणीने जी स्त्री गाठता येत नव्हती ती प्रत्यक्ष भेटीने गाठण्याचा तो मार्ग होता.

५

कर्व्यांच्या संबोधनाचे वेगळेपण समकालीनांशी तुलना केल्याने स्पष्ट होते. ज्या १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ निघाले, त्याच वर्षी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व कादंबरीकार ना. सी. फडके यांचा ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हा इंग्रजी ग्रंथ मार्गारेट सँगर यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात सुप्रजाजननाची चळवळ उभारावी, हे त्याचे घोषित प्रतिपादन होते. साधन दोघांचे एकच, संततिनियमन. परंतु सुप्रजाजननाच्या विचारात वाक्याचा कर्ता बदलतो. तेथे ‘तुम्हाला मूल हवे काय’ असा प्रश्न नसतो. ‘राष्ट्राला कोणती मुले हवीत’ असा असतो. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर द्वितीय पुरुषाची जागा तृतीय पुरुष घेतो. ज्याच्या देहाविषयी बोलावयाचे तो संभाषणात उरत नाही. त्याच्याविषयी इतर दोघे बोलत असतात.

हा बदल केवळ शैलीचा नाही. जर्मनीत १९३३ मध्ये आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला, तो याच तृतीय पुरुषी विचाराच्या पायावर. लोकसंख्येचा युक्तिवाद कर्व्यांच्याही लेखनात येतो. परंतु तो त्यांच्या विचाराचा कणा नाही. व्यक्तीचे आरोग्य आणि तिचे सुख हा तो कणा आहे.

संततिनियमनाला महात्मा गांधींचा विरोध होता. डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला सँगर यांच्याशी झालेल्या भेटीत त्यांनी कृत्रिम साधनांऐवजी संयमाचा पुरस्कार केला. मत विरुद्ध असले तरी गांधींचे संबोधन व्यक्तीलाच आहे, हे येथे नोंदविले पाहिजे. या अर्थाने कर्वे आणि गांधी एकमेकांच्या जितके जवळ आहेत, तितके सुप्रजाजननवादी त्यांपैकी कोणाच्याही जवळ नाहीत.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये कुटुंबनियोजन हा शासकीय कार्यक्रम झाला. कर्व्यांनी उपहास व दंड सोसून सांगितलेली गोष्ट भिंतीभिंतींवर रंगविली गेली. वरवर पाहता हा त्यांचा विजय होय. पण घोषणेला प्रश्न नसतो. ती न विचारता दिलेले उत्तर असते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत सक्तीचा वाटा मोठा होता. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही. ज्या मुंबईत एका माणसाने ‘तुमच्या देहाचे तुम्ही ठरवा’ हे सांगण्यासाठी दंड भरला, त्याच मुंबईत तेच ज्ञान ‘तुमच्या देहाचे आम्ही ठरवू’ असे म्हणण्यासाठी वापरण्याची सिद्धता झाली. शरीरशास्त्र दोन्ही वेळी बरोबरच होते. बदलले होते ते संबोधन.

६

यावरून कर्व्यांच्या लेखनाच्या पुनर्वाचनाची दिशा सूचित होते. त्यांची कोणती मते आज ग्राह्य ठरली आणि कोणती कालबाह्य झाली, याची यादी करणे कठीण नाही. प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले आणि त्याच महिन्यात व्यभिचारविषयक दंडकलमही रद्द ठरविले. १९३१ आणि १९३४ च्या खटल्यांचे विषय नेमके हेच होते. परंतु काळाने लेखकाला खरे ठरविले एवढ्याने त्याचे वाङ्मयीन मूल्य सिद्ध होत नाही, तसेच त्याच्या युक्तिवादातील सुटलेली पायरीही भरून निघत नाही.

अभ्यासकाने पाहावयाचे ते हे की ज्ञान सांगणारा आणि ज्ञान घेणारा यांच्यात गद्याने कोणते नाते निर्माण केले. आज साहाय्यित प्रजनन आणि सरोगसी यांविषयी २०२१ चे कायदे आहेत, जनुकीय चाचण्या शहरांतून उपलब्ध आहेत, आणि या सर्वांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जात आहे. या लेखनाच्या परीक्षणास कर्व्यांचे सदर एक साधी कसोटी पुरविते. लेखात माहिती बिनचूक आहे काय, हे प्रथम पाहावे. वस्तुस्थिती कोठे संपली आणि लेखकाचे मत कोठे सुरू झाले, हे वाचकाला कळते काय, हे त्यानंतर पाहावे; या ठिकाणी कर्वे स्वतःही काही वेळा उणे पडतात. अखेरीस, ज्या स्त्रीच्या वा पुरुषाच्या देहाविषयी लिहिले आहे, तिला किंवा त्याला त्या लेखात प्रश्न विचारण्याची जागा ठेवली आहे काय, हे पाहावे. या तिसऱ्या कसोटीला ‘समाजस्वास्थ्य’चे प्रश्नोत्तराचे सदर पुरेपूर उतरते. म्हणून त्याचा अभ्यास सुधारणेच्या इतिहासाइतकाच मराठी गद्याच्या इतिहासातही व्हावयास हवा.