करवत आणि तार

एल अनात्सुई हे नाव शोधलंत तर फोनच्या पडद्यावर आधी सोनं दिसतं. भिंतभर पसरलेलं, लाल-काळ्या पट्ट्यांचं, चुण्या पडलेलं एखादं राजवस्त्र. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला की कळतं, हे कापड नाहीच. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं आणि गळ्याभोवतीच्या पट्ट्या आहेत या. ठोकून सपाट केलेल्या, दुमडलेल्या, पिळलेल्या आणि तांब्याच्या बारीक तारेनं एकमेकींना बांधलेल्या. आपल्या तोंडून ‘वा!’ निघतं, आणि बरेच लेख तिथेच थांबतात. वर मथळा असतो ‘कचऱ्यातून कला’.

मला या मथळ्याची चीड येते. त्यामागची गोष्टही ठरलेली असते: आफ्रिकेतला एक पारंपरिक लाकूड कोरणारा शिल्पकार, त्याला १९९०च्या दशकाच्या अखेरीस न्सुक्का गावाजवळ टाकून दिलेल्या झाकणांची एक पिशवी सापडते, आणि तो आधुनिक होतो. पिशवी खरी आहे. बाकीची गोष्ट उलटी आहे.

अनात्सुई यांचा जन्म १९४४चा, आजच्या घानामधल्या आन्याको गावचा. कुमासीच्या कला महाविद्यालयात त्यांना शिकवलं गेलं ते पाश्चात्त्य पद्धतीचं शिल्प. म्हणजे वारशात मिळालं ते युरोप. विणकर, ढोल बनवणारे, लाकूड कोरणारे कारागीर कसे काम करतात हे बघायला ते त्याच शहरातल्या सांस्कृतिक केंद्रात आपणहून जात. परंपरा त्यांनी शोधून मिळवली. प्रयोग म्हणायचा असेल तर पहिला प्रयोग तोच.

पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हातात घेतल्या त्या गोल लाकडी पराती. बाजारात बायका माल मांडायला वापरतात तसल्या. त्यांवर तापलेल्या लोखंडानं त्यांनी अदिंक्रा चिन्हं डागली. अदिंक्रा ही अकान लोकांची चिन्हलिपी, ती मुळात छापली जाते कापडावर, आणि ते कापड अंत्यविधीला नेसतात. बघा: रोजच्या वापरातली वस्तू, तिच्यावर केलेली इजा आणि मागे कुठेतरी कापड. झाकणांची पिशवी सापडायला अजून पंचवीसेक वर्षं होती.

१९७५ला ते नायजेरियात न्सुक्काच्या विद्यापीठात शिकवायला गेले आणि तिथलेच झाले. काही वर्षं माती हाताळली, फुटकी मडकी घडवली. पण माझ्या मते या कारकिर्दीतला खरा सांधा १९८०चा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका कलाकार-निवासात त्यांनी चेनसॉ हातात घेतली. छिन्नी लाकडाशी बोलत बोलत पुढे जाते, तिला रेषांची दिशा मानावी लागते. चेनसॉ काही मानत नाही. ती फाडत जाते. अनात्सुई यांना त्या फाडण्यात आफ्रिका खंडाचे तुकडे पाडणाऱ्या वसाहतवादाची रीत दिसली. मग आल्या उभ्या फळ्यांच्या रांगा: कोरलेल्या, कापलेल्या, जाळून काळ्या केलेल्या. त्या एकमेकींना चिकटवलेल्या नसत. हव्या तर क्रम बदलून लावा. शिल्पाला एकच कायमचा आकार असतो, हा कुमासीत शिकलेला धडा इथे मोडला.

‘इरोजन’ हे त्यांचं काम मला सगळ्यांत वर ठेवावंसं वाटतं. १९९२च्या रिओच्या वसुंधरा परिषदेच्या निमित्तानं ब्राझीलमध्ये केलेलं. माणसापेक्षा उंच लाकडी खांब, त्यावर आधी नाजूक चिन्हांची दाट नक्षी कोरलेली, आणि मग त्याच नक्षीतून करवत फिरवलेली. पायथ्याशी लाकडाचे तुकडे पडलेले. स्वतःच्या हातचं इतकं देखणं काम असं कापायला जे लागतं, त्याला धाडस म्हणणंही कमी आहे. आणि ‘अकुआज सर्व्हायव्हिंग चिल्ड्रन’ (१९९६): डेन्मार्कच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाकडांची माणसं, डोकी जळालेली, एकत्र गर्दी करून उभी. विषय डेन्मार्कनं केलेला गुलामांचा व्यापार. आन्याको ज्या खारकच्छावर आहे, त्याच्याच काठी केटा इथे डेन्मार्कचा जुना किल्ला आहे, हे कळल्यावर ती गर्दी आणखी जवळ सरकते.

इथून झाकणांकडे आलं की नवं काय आणि जुनं काय ते दिसायला लागतं. सुटे भाग, बदलता आकार आणि व्यापाराचा माग हे सगळं जुनं. दारू हा युरोपातून आफ्रिकेत आलेला व्यापारी माल, आणि माणसांच्या खरेदी-विक्रीतही ती होती. त्यामुळे झाकण म्हणजे नुसता कचरा नाही, ती पावती आहे. नवं काय, तर हिंसा आता कामातून दिसत नाही. करवत गेली, तार आली. ‘मॅन्स क्लॉथ’ (२००१) समोर आलं की आठवतो तो केंटे, घानामधला पट्ट्यापट्ट्यांचा मानाचा कपडा. अनात्सुई यांचे वडील आणि भाऊ तो विणत. (आपल्याला गोधडी म्हणायचा मोह होतो. पण गोधडीत घरच्या अंगांची ऊब उरलेली असते. इथे कुणा अनोळखी माणसानं बाटली उघडून झाकण फेकलेलं आहे.)

माझी तक्रार इथेच आहे. २००७च्या व्हेनिस बिएनालेत ‘दुसासा’ लटकली, त्याच वर्षी तिथल्या पालाझ्झो फोर्चुनीच्या दर्शनी भिंतीवर एक प्रचंड झाकणांचा पडदा सोडला गेला, २०१५ला जीवनगौरवाचा गोल्डन लायन मिळाला. हे सगळं रास्तच. पण या यशाच्या वर्षांत काही कामं नुसती शोभिवंत झाली. ती घडी घालून पाठवली जातात आणि कशी टांगायची ते संग्रहालयानं ठरवायचं, ही कल्पना मोकळी आणि उदार आहे. प्रत्यक्षात फोटो बघत गेलात तर बरेचदा त्याच लाटा, त्याच चुण्या. स्वातंत्र्य दिलं तरी पडदा पडद्यासारखाच टांगला जातो. न्सुक्काच्या कार्यशाळेत डझनावारी मदतनीस बोटांनी ही तार पिळतात. तो श्रमही झगमगाटात मागे पडतो. फोनवर तर पडतोच, कारण आपण झूम करतो ते एक-दोनदा, आणि पुढे सरकतो.

म्हणून लंडनच्या टेट मॉडर्नमधलं ‘बिहाइंड द रेड मून’ (ऑक्टोबर २०२३ ते एप्रिल २०२४) मला महत्त्वाचं वाटतं. टेटचं नाव साखरेच्या पैशातून आलेलं. तिथल्या भव्य टर्बाइन हॉलमध्ये पहिलाच भाग एखाद्या जहाजाच्या फुगलेल्या शिडासारखा, लाल. अटलांटिक ओलांडून माणसं नेणाऱ्या आणि साखर-दारू आणणाऱ्या जहाजांची आठवण त्यात आपसूक येते, सौंदर्याला सुटका मिळत नाही. मधल्या भागात माणसांच्या आकृत्यांचे विरळ तुकडे हवेत लटकत होते. एका ठरावीक जागी उभं राहिलं तरच ते जुळून पृथ्वीचा गोल दिसायचा. दोन पावलं सरकलात की पुन्हा सुटे. १९८०च्या फळ्यांचीच ही युक्ती, पण आता जुळवायचं काम बघणाऱ्याच्या पायांवर टाकलेलं. शेवटी काळी भिंत, छतापासून लोंबून खाली जमिनीवर ओघळलेली.

ते व्हिडिओ बघताना मी परत परत त्या ओघळलेल्या कडेपाशी थांबलो. ‘इरोजन’च्या पायथ्याशी तुकडे पडलेत ना, अगदी तसंच.