मँचेस्टरचं फुकट ग्रंथालय आणि आपला ‘आधी कोण?’ हा वाद

आपल्याकडे जुन्या वाचनालयांचा विषय निघाला की एक हिशेब हमखास मांडला जातो. बेळगावची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ ची, विलायतेतला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १८५० चा. म्हणजे आपण इंग्रजांच्या दोन वर्षं पुढे! सनावळी बरोबर आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही. का, ते मँचेस्टरच्या उदाहरणावरून सांगतो.

विल्यम युअर्ट यांच्या खटपटीने झालेला १८५० चा कायदा तसा कंजूषच होता. दहा हजारांवर वस्ती असलेल्या शहरालाच तो लागू. करदात्यांचं मतदान घ्यायचं आणि दोन तृतीयांश कौल मिळाला तरच कर बसवायचा. तोही मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर पौंडामागे फक्त अर्धा पेनी. त्या पैशातून इमारत, दिवाबत्ती, पगार भागवायचे, पण पुस्तकं घ्यायची नाहीत! पुस्तकं कोणीतरी देणगी देईल, अशी कायद्याची समजूत. १८५५ साली दर एक पेनी झाला आणि पुस्तकखरेदीलाही मुभा मिळाली.

मँचेस्टरच्या करदात्यांनी ३,९६२ विरुद्ध ४० असा कौल दिला. सर जॉन पॉटर यांनी पुढाकार घेऊन वर्गणी जमवली. तिच्यात गिरणीकामगारांचेही पैसे होते. नवी इमारत बांधण्याऐवजी कॅम्पफील्ड भागातला ‘हॉल ऑफ सायन्स’ विकत घेतला. रॉबर्ट ओवेनच्या समाजवादी अनुयायांनी तो व्याख्यानांसाठी बांधलेला होता. २ सप्टेंबर १८५२ रोजी उद्घाटन झालं. व्यासपीठावर डिकन्स, थॅकरे, बुलवर-लिटन. थॅकरे तर भाषणाच्या मध्येच अडखळले आणि खाली बसले.

या समारंभाचं वर्णन सगळे करतात. पण मी पेशाने इंजिनिअर, त्यामुळे माझी नजर आधी इमारतीकडे जाते. पुस्तकं फार जड असतात. आजच्या भारतीय मानकात घराच्या खोलीला चौरस मीटरमागे सुमारे २०० किलो भार धरतात, तर ग्रंथालयाच्या कोठीला किमान ६००. म्हणून दुसऱ्या कामासाठी बांधलेली वास्तू ग्रंथालयाला देताना जपावं लागतं. कॅम्पफील्डची इमारत पुढे धोकादायक ठरली आणि १८७७ मध्ये संदर्भ विभाग किंग स्ट्रीटवरच्या जुन्या टाउन हॉलमध्ये हलवावा लागला. पहिले ग्रंथपाल एडवर्ड एडवर्ड्स, एका गवंड्याचा मुलगा. त्यांना तर १८५८ मध्येच काढून टाकलं होतं. म्हणजे वास्तू टिकली नाही, माणूसही टिकला नाही. तरी ग्रंथालय टिकलं, कारण कर टिकला. दरवर्षी पैसा येत राहिला आणि वाचकाकडून एक पैसाही न घेता पुस्तक घरी देता आलं.

आता बेळगावकडे वळू. आपल्याकडच्या नेटिव्ह जनरल लायब्रऱ्या वर्गणीवर चालत. ज्याच्या खिशात वर्गणी, तो सभासद. यात कमीपणा मुळीच नाही. कराचा आधार नसताना लोकांनी त्या चालवल्या, हे मोठंच काम. पण वर्गणीची लायब्ररी विलायतेतही १८५० च्या आधी गावोगाव होती. तुलना करायची तर तिच्याशी करा. मँचेस्टरमध्ये नवं होतं ते वय नव्हे, हक्क होता.

त्या हक्काशी ताडून बघायचं, तर आपल्या मराठी राजवटींपैकी बडोद्याचं उदाहरण जास्त जवळचं. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं, हे आपण अभिमानाने लिहितो. त्या योजनेतला खर्चाचा नियम मात्र गाळतो: एक तृतीयांश गावकऱ्यांनी उभा करायचा, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने, उरलेला सरकारने. गावाने आधी आपला वाटा जमवायचा, ही अट मला त्या योजनेचा कणा वाटते.

तेव्हा मित्रहो, आपल्या गावच्या वाचनालयाचा इतिहास लिहायला बसाल, तेव्हा कोनशिलेचा फोटो जरूर काढा. पण त्याआधी जुन्या अहवालातलं जमाखर्चाचं पान उघडा. पैसे कोणी भरले आणि वर्गणी न भरणाऱ्याला पुस्तक मिळत होतं का, एवढं त्यातून काढा. ‘आधी कोण?’ हा वाद त्यानंतर खुशाल घालू.