सिंहिणीच्या मातृत्वाची दोन चित्रे

सिंहिणीच्या अपत्यसंगोपनाचे वर्णन करणारे दोन इंग्रजी ग्रंथ एकामागून एक वाचावे, अशी आम्ही वाचकांस शिफारस करतो. जॉय ॲडम्सनबाईंचा 'लिव्हिंग फ्री' १९६१ साली व जॉर्ज शॅलर यांचा 'द सेरेंगेटी लायन' १९७२ साली प्रसिद्ध झाला. दोहोंची भूमी पूर्व आफ्रिका आणि प्राणी एकच; परंतु त्यांतील माता इतक्या भिन्न आहेत की, वाचकाने विश्वास कोणावर ठेवावा हा प्रश्न उभा राहतो.

ॲडम्सनबाईंचे पती केनियात वन्यपशूंचे संरक्षक अधिकारी होते. १९५६ साली त्यांच्या गोळीने एक सिंहीण मेली. तिची पोरकी छावी एल्सा ह्या दांपत्याने वाढविली आणि पुढे रानात मोकळी सोडली. डिसेंबर १९५९ मध्ये तिला तीन छावे झाले. काही आठवडे तिने त्यांस दडवून ठेवले आणि मग एके दिवशी नदी ओलांडून ती त्यांस ह्या माणसांच्या तळावर घेऊन आली. हा प्रसंग ग्रंथाचा मुकुटमणी होय. छाव्यांस माणसाळवू नये, हा बाईंचा निग्रहही गौरवास पात्र आहे. तथापि एल्साच्या प्रत्येक हालचालीत त्यांस वात्सल्य आणि कर्तव्यबुद्धी दिसते, आणि तळावरून तिला मांस मिळत असे ह्या गोष्टीचे महत्त्व वाचक विसरून जातो. ह्या मातृत्वाची भुकेने कसोटी पाहिलीच नाही.

ती कसोटी शॅलर दाखवितात. १९६६ पासून सुमारे तीन वर्षे त्यांनी टांझानियातील सेरेंगेटीत सिंहांचे निरीक्षण केले. तेथील सिंहिणी एकमेकींच्या छाव्यांसही पाजतात. परंतु शिकार दुर्मिळ झाली की आई स्वतः आधी खाते, हाडकुळ्या छाव्यास शिकारीजवळ येऊ देत नाही. अशक्त छावा मागे पडून मरतो. पहिल्या ग्रंथाचा वाचक तिला कैदाशीण म्हणेल. पण विचार करता ह्यात क्रौर्य उरत नाही. आई उपाशी मेली तर दूधही गेले आणि शिकारही गेली. ती वाचली तर साडेतीन महिन्यांच्या गर्भधारणेने पुन्हा छावे होऊ शकतात. हीच सिंहीण, परके नर कळपावर चालून येऊन छावे मारू लागले असता, आपल्या बहिणींसह त्यांच्या अंगावर धावून जाते, हे पुढील संशोधकांनी दाखविले आहे.

हा भेद आम्ही इतका ताणतो ह्याचे कारण आहे. स्वतः उपाशी राहून लेकराच्या मुखी घास घालणारी आई हा आमच्या वाङ्मयाचा आदर्श आहे, आणि तो थोरच आहे. परंतु "पशूंनाही हे कळते" असे म्हणून त्या त्यागास निसर्गाचा नियम ठरविला की, तो आईचा मोठेपणा न राहता तिच्यावरील सक्ती होते; ज्या आईला तो साधत नाही ती पशूहूनही हीन ठरते. निसर्ग अशी साक्ष देत नाही. त्याग हा माणसाने निवडलेला धर्म आहे, आणि म्हणूनच त्याचे मोल.

शॅलर यांच्या ग्रंथात उणीव नाही असे नव्हे. त्यांच्या कोष्टकांत एकेक सिंहीण हरवते, आणि शोकाला तेथे जागा नाही. जानेवारी १९६१ मध्ये एल्सा तापाने मेली, तेव्हा छावे जेमतेम वर्षाचे होते. ते गावकऱ्यांच्या शेळ्या मारू लागले आणि त्यांस पकडून सेरेंगेटीत नेऊन सोडावे लागले. आईने रानात जे शिकवायचे राहिले, ते तळावरच्या प्रेमाला शिकविता आले नाही. ही हकीकत बाईंनी 'फॉरेव्हर फ्री' ह्या पुढील ग्रंथात सांगितली आहे, आणि आमच्या मते तीच त्यांच्या लेखनातील सर्वांत खरी पाने होत.

मुलांच्या हाती ॲडम्सनबाई अवश्य द्याव्यात. ती जाणती झाली म्हणजे शॅलरही द्यावेत. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी तो आधी वाचून ठेवावा.