‘स्मृतिचित्रे’ : घरातल्या धर्माची संहिता

१

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ला मराठी आत्मचरित्रात्मक वाङ्मयात जे स्थान लाभले आहे त्याविषयी दुमत नाही. दुमत संभवते ते या ग्रंथाचा विषय कोणता याविषयी. ग्रंथाचे भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून त्याच्या वाचनाच्या दोन वाटा रूढ होत गेल्या. पहिली वाट या ग्रंथाला धर्मांतराची कहाणी मानते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पत्नी दुरावली, काही वर्षांनी परतली आणि १९०० साली तिनेही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हा घटनाक्रम म्हणजेच ग्रंथाचा कणा, असे हे वाचन. दुसरी वाट स्त्रीवादी समीक्षेच्या उदयानंतर प्रशस्त झाली. लहरी, तापट आणि प्रतिभावान पुरुषाबरोबर संसार करता करता स्वत्व घडविणाऱ्या स्त्रीची ही कथा आहे, असे ती म्हणते.

दोन्ही वाचनांना संहितेत आधार आहे. मात्र धर्म आणि संसार ही दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत, हे दोन्ही वाचनांनी न तपासताच गृहीत धरले आहे. पहिल्या वाचनाला संसार ही धर्मकथेची पार्श्वभूमी वाटते. दुसऱ्याला धर्म हे संसारावर कोसळलेले संकट वाटते. लक्ष्मीबाईंच्या लेखनात असा विभाग कोठेच पडत नाही. तेथे श्रद्धा घडते ती पाणी, अन्न, आजारपण, उसनवारी आणि मुलांचे रुसवे यांतून. ती खरी की खोटी हे ठरते तेही तेथेच. प्रस्तुत लेखाचा हेतू या घरातल्या धर्माकडे लक्ष वेधण्याचा आहे.

२

हे वेगळेपण लक्षात येण्यासाठी ‘स्मृतिचित्रे’च्या आधी मराठी ख्रिस्ती माणसाने स्वतःविषयी कसे लिहिले ते पाहिले पाहिजे. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे या परंपरेतील प्रमुख आत्मचरित्र. त्याचे रूप शोधाचे आहे: शंका, वाचन, वाद, निश्चय आणि अखेरीस प्रकाश. या रूपबंधात धर्म ही व्यक्तीच्या मनात घडणारी घटना ठरते. घर येते ते बहुधा अडथळा म्हणून. ज्याला सत्य सापडले आहे त्याला घर सोडावे लागते, आणि घर सोडण्याची किंमत हेच सत्याचे प्रमाण मानले जाते.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत मूल हे घटक प्रथमच केंद्राजवळ येते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मनोरमा अगदी लहान होती. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या वादात मुलीला कोणती धर्मतत्त्वे शिकवावीत आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होतो. परदेशात, परावलंबी अवस्थेत असूनही रमाबाई आईचा अधिकार सोडीत नाहीत. या पत्रांचे मोल मोठे आहे. परंतु ती इंग्रजीत आहेत आणि त्यांतील मूल हा हक्काचा व तत्त्वाचा विषय आहे. मुलाच्या धर्माविषयी वाद घालणे आणि ज्या घरात ते मूल जेवते, झोपते, आजारी पडते त्या घराविषयी लिहिणे, ही दोन भिन्न कामे आहेत. मराठीत दुसरे काम लक्ष्मीबाईंनी केले.

३

लक्ष्मीबाईंच्या बालपणाचे चित्र सोवळ्याच्या छायेत रंगलेले आहे. वडिलांच्या सोवळ्याने सारे घर वेठीस धरलेले असते. हे सांगताना लेखिकेचा सूर तक्रारीचा नाही. ती वाचकाला हसविते. मात्र या हसण्याने एक गोष्ट ग्रंथाच्या आरंभीच निश्चित होते. धर्म म्हणजे घागरीला कोणी शिवावे आणि कोणी शिवू नये याची व्यवस्था, आणि ती व्यवस्था राबविण्याचे कष्ट बायकांचे. त्यामुळे पुढे जेव्हा टिळक ख्रिस्ती होतात, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने प्रश्न त्रैक्याचा किंवा प्रायश्चित्ताचा नसतो. प्रश्न चुलीचा आणि पाण्याचा असतो. पतीकडे नगरला परतल्यावरही त्या आपले सोवळे सांभाळून राहतात. टिळक त्यांच्यावर धर्माची सक्ती करीत नाहीत. वादविवादाने न सुटणारा पेच ही मांडणी काही काळ नुसता निभावून नेते.

हा पेच सुटतो तोही कोणा उपदेशकाच्या प्रवचनाने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसांनी, असा प्रश्न लक्ष्मीबाई स्वतःलाच विचारतात आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे असे ठरवितात. धर्मांतराच्या रूढ कथेत आधी श्रद्धा पालटते आणि मग आचार पालटतो. येथे क्रम उलटा आहे. आधी ताट पालटते, बाप्तिस्मा मागून येतो. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला, ही टिळकांच्या धर्मांतराची सुपरिचित हकीकत. पती ग्रंथातून ख्रिस्ताकडे गेला, पत्नी पंगतीतून गेली. या दोन मार्गांतील दुसरा मार्ग कमी बौद्धिक आहे असे मानणे हा समीक्षेचा पूर्वग्रह आहे. ज्या समाजात जात अन्नपाण्यातून जगविली जाते, तेथे अन्नपाण्याचा निर्णय हाच सर्वांत मूलगामी धर्मविचार ठरतो.

या मधल्या काळात मूल कोठे आहे? वियोगाच्या वर्षांत लहानगा दत्तू आईजवळ आहे. वडील ख्रिस्ती आणि भोवतालचे आप्त कर्मठ. त्याला दोन घरे आहेत आणि दोन्ही घरांचे पाणी वेगळे आहे. लक्ष्मीबाई याचा करुण देखावा उभा करीत नाहीत. दत्तूचे बोलणे, त्याची दुखणी, त्याचे हट्ट ओघात येतात आणि निघून जातात. तरीही मोठ्यांचा प्रत्येक निर्णय या मुलावर जाऊन आदळतो, हे वाचकाला सतत जाणवत राहते. पुढे मानलेली मुलगी तारा येते, आश्रयाला आलेली मुले येतात, प्लेगच्या छावणीतील सेवा येते. घराचा परीघ रक्ताच्या नात्यापलीकडे सरकत जातो. शेजाऱ्यावर प्रेम करा ही ख्रिस्ती आज्ञा येथे वेगळी उच्चारली जात नाही. घरात आणखी एक पान वाढले जाते एवढेच. आणि हे पान वाढताना डब्यात पीठ किती उरले आहे, याचे भान लेखिकेला नेहमी असते. टिळकांचे औदार्य आणि लक्ष्मीबाईंचा हिशोब यांच्या झटापटीतून ग्रंथातील विनोदाचा मोठा भाग निर्माण होतो. हा विनोद श्रद्धेची टवाळी करीत नाही, तिला जमिनीवर ठेवतो.

४

टिळकांना मराठी वाचक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखतात. त्यांच्या कवितेतील मूल निष्पाप आहे, देवाच्या जवळचे आहे. ‘अभंगांजली’त वारकरी परंपरेचा धागा पकडून टिळक ख्रिस्ताला माउली म्हणून आळवितात. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे. मराठी ख्रिस्ती कवितेला देशी रूप देणारी ही कामगिरी थोर आहे, यात शंका नाही. परंतु ‘स्मृतिचित्रे’ शेजारी ठेवून वाचले की या रूपकाची दुसरी बाजू दिसू लागते. कवितेत माउली हे ईश्वराचे नाव आहे. घरात माउलीला रात्री उठावे लागते. रूपकाला श्रम नसतात. ‘स्मृतिचित्रे’त ते श्रम आहेत, आणि म्हणून हा ग्रंथ टिळकांच्या कवितेवरचे, कोठेही तसा आव न आणता लिहिलेले, सर्वांत समर्थ भाष्य ठरतो. निवेदिका पतीचा उल्लेख ‘टिळक’ असा करते, हेही येथे अर्थपूर्ण आहे. त्यात जवळीक आहे आणि पारखण्यापुरते अंतरही आहे.

या घराचे स्वरूप सर्वांत स्पष्ट होते ते बालकवींच्या संबंधात. त्र्यंबक बापूजी ठोमरे टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. रुसले, समजावले गेले, वाढले. १९१८ साली रेल्वे-अपघातात त्यांचा अंत झाला. ते ख्रिस्ती झाले नाहीत. धर्मप्रसार हेच जीवितकार्य मानणाऱ्या माणसाच्या घरात हे घडावे, याचा अर्थ या घराने माया आणि मतप्रचार यांची गल्लत केली नाही. घरातल्या मुलाला धर्म द्यायचा म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथात कोठे सूत्ररूपाने नाही. ठोमऱ्यांच्या वावरात मात्र ते आहे. टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी हव्यात, या पुत्राच्या आग्रहातून हे लेखन उभे राहिले, हेही लक्षात घ्यावे. ज्या मुलावर सारे निर्णय आदळले, त्यानेच आईला लिहिते केले. धर्म पुढच्या पिढीकडे कसा गेला, याचा पुरावा या अर्थाने स्वतः ग्रंथच आहे.

५

या वाचनाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. टिळकांचे घर हे ब्राह्मण धर्मांतरिताचे घर आहे. त्यांचा त्याग उठून दिसतो, कारण त्यागण्यासारखे त्यांच्यापाशी काही होते. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग समाजांतील कुटुंबांची संख्या मोठी होती. ज्यांच्या हातचे पाणी घ्यायचे असे लक्ष्मीबाईंनी ठरविले, त्यांच्या घरात श्रद्धा कोणत्या रूपाने नांदत होती, त्यांच्या मुलांना निजताना काय सांगितले जात होते, हे ‘स्मृतिचित्रे’तून आपल्याला बाहेरूनच दिसते. त्या घरांना त्यांची लक्ष्मीबाई मिळाली नाही. ‘ज्ञानोदय’, ‘बालबोधमेवा’ यांसारख्या नियतकालिकांचे जुने अंक या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहेत. मुलांसाठी लिहिलेले गद्य, घरगुती प्रार्थना आणि गाणी यांना वाङ्मयेतिहासात तळटीपेइतकीही जागा देण्यास आपण का-कू करतो.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहू लागली. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील इमारतींत केरळ, गोवा, मंगळूर, तमिळनाडू येथून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या शेजारी मराठी ख्रिस्ती कुटुंबेही राहतात. येथे ना मिशनचे आवार आहे ना गावचे देऊळ. दोन खोल्यांचे घर, नोकरीचे लांब तास आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारी मुले आहेत. आजीची प्रार्थना मराठीत असते आणि नातवाला धडा समजतो तो इंग्रजीत. लक्ष्मीबाईंपुढे पाण्याचा प्रश्न होता, या घरांपुढे भाषेचा आहे. टिळकांनी अभंगाच्या छंदात जे मिळविले, ते जेवणाच्या टेबलावर एका पिढीत हरवू शकते. चर्चमधील उपासनेची भाषा ठरवायला समित्या असतात. निजताना मुलाशी कोणत्या भाषेत बोलायचे हे घरच ठरविते.

या घरांविषयीचे मराठी लेखन जेव्हा येईल तेव्हा त्याला नमुना म्हणून ‘अरुणोदय’ फारसे उपयोगी पडणार नाही, कारण येथे कोणी धर्मांतर करीत नाही. धर्म वारशाने आलेला आहे आणि तो राखायचा की कसा, एवढाच प्रश्न आहे. उपयोगी पडेल ती ‘स्मृतिचित्रे’ची रीत: मोठे शब्द टाळून घरातल्या वस्तूंवर नजर ठेवणारी, श्रद्धावंताला हसणारी आणि तरीही श्रद्धेला न सोडणारी. ती रीत ओळखावयाची तर समीक्षेनेही स्वयंपाकघर हे धर्मविचाराचे स्थळ आहे, हे प्रथम मान्य करावयास हवे.